बायोडाटा म्हणजे कामाची वानगी

बाजार समितीच्या आवारात ज्वारीचे पोते आले, तर व्यापारी आधी काय करतो? तो सगळे पोते ओतून बघत नाही. मूठभर दाणे तळहातावर घेतो. फुंकर मारतो. एखादा दाणा दाताखाली धरतो. तेवढ्या मुठीवरून तो पोत्याचा भाव सांगतो. त्या मुठीला आपण वानगी म्हणतो.

नोकरी देणाऱ्याचेही तसेच आहे. त्याने आपल्याला कधी पाहिलेले नसते. आपले कष्ट, आपली हुशारी त्याला ठाऊक नसते. त्याच्या टेबलावर आपला एक कागद जातो. तो कागद वाचून तो ठरवतो, की या माणसाला भेटीला बोलवायचे की नाही. त्या कागदाला बायोडाटा म्हणतात. कोणी त्यालाच रेझ्युमे म्हणतात.

डेटा एन्ट्रीच्या नोकरीसाठी बायोडाटा कसा लिहावा, ते या धड्यात पाहू. तुम्हांला स्वतःला अर्ज करायचा असेल, तर हा धडा तुमचा आहेच. घरातली लेक, सून किंवा मुलगा अर्ज करणार असेल, तरीही तो तुमचाच आहे. कारण त्यात तुमच्यासाठीही एक काम आहे. ते पुढे सांगतो.

हे काम आहे तरी काय?

डेटा म्हणजे माहिती. एन्ट्री म्हणजे नोंद. पूर्वी नोंद वहीत होत असे, रोजकीर्दीत होत असे, खतावणीत होत असे. आता ती बहुतेक संगणकात होते. एवढाच फरक.

जाहिरातीत कधी कधी ‘डेटा एन्ट्री ॲनालिस्ट’ असे लिहिलेले असते. शब्द मोठा आहे, पण घाबरू नका. अशा माणसाने माहिती भरायची, भरलेली माहिती पडताळायची, चूक दिसली तर थांबून विचारायचे आणि शेवटी साहेबांना तक्ता करून द्यायचा.

आपल्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांत हे काम जागोजागी आहे. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरच्या साखर कारखान्यांत आहे. बारामतीच्या आणि लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतींत आहे. दूध संकलन केंद्रात फॅट आणि लिटर लिहावे लागतात. दवाखान्यात केसपेपर भरावे लागतात. पतसंस्थेत, कॉलेजात, ग्रामपंचायतीत, भिगवणच्या मासळी बाजारात, जिथे मोजमाप आहे तिथे नोंद आहे.

आता उसाचेच बघा. शेतकरी लागण करतो. कारखान्याचा चिटबॉय येऊन नोंद घेतो. नाव, गाव, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख. ही नोंद संगणकात जाते. तारखेवरून ऊस आडसाली, पूर्वहंगामी की सुरू, ते ठरते आणि त्यावरून तोडणीचा प्रोग्राम लागतो. समजा भरणाऱ्याने जुलैच्या जागी ऑक्टोबर टाकला. झाले! शेजारच्या रानात टोळी आली, तरी आपला ऊस उभाच. उसाला तुरा येतो, वजन घटते. शेतकरी कारखान्याला हेलपाटे घालतो. चूक एका बोटाची, आणि नुकसान वर्षाच्या घामाचे.

सातबाऱ्याचेही तसेच झाले. राज्याने सातबारे संगणकावर घेतले, तेव्हा कोणाचे नाव चुकले, कोणाचे क्षेत्र चुकले. म्हणून २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झाले. संगणकातला सातबारा लोकांसमोर मोठ्याने वाचायचा, म्हणजे चूक ज्याची त्याला कळेल. अशी लेखनातली चूक दुरुस्त करण्यासाठी १९६६ च्या जमीन महसूल संहितेत कलम १५५ आहे. त्या कलमाखाली अर्ज घेऊन तहसील कचेरीत जाणारे लोक तुम्ही पाहिले असतील. कदाचित तुम्ही स्वतःही गेला असाल.

म्हणून या कामात पहिला गुण वेगाचा नव्हे, तर अचूकपणाचा. मालकाला विश्वासाचा माणूस हवा असतो. बायोडाट्यातच दोन चुका असतील, तर मालक म्हणेल, “स्वतःचे नाव-गाव याला नीट लिहिता येत नाही, हा आमच्या हजार सभासदांचे काय लिहिणार?” म्हणजे हा कागद नुसती ओळख नाही. ते तुमचे पहिले काम आहे.

लग्नाचा वेगळा, नोकरीचा वेगळा

बायोडाटा हा शब्द आपल्याकडे आधी लग्नाच्या बोलणीत ऐकू येतो. त्यामुळे बरेच जण तोच कागद थोडा बदलून नोकरीला लावतात. त्यात जात असते, रास असते, उंची असते, मामाचे गाव असते, ‘चार एकर बागायत’ असते. नोकरीच्या कागदात यातले काही नको. रास कोणती यावरून टंकलेखनाची गती कळत नाही.

आणखी एक गोष्ट. आधार नंबर, पॅन नंबर, बँकेचा खाते नंबर बायोडाट्यात कधीही लिहू नका. हा कागद किती हातांतून फिरेल ते सांगता येत नाही. नोकरी पक्की झाल्यावर कचेरी ही माहिती मागते. तेव्हा ती द्यायची.

आधी काय, मग काय

इटली देशात लिओनार्दो दा विंची नावाचा थोर चित्रकार होऊन गेला. सुमारे १४८२ साली त्याने मिलान शहराच्या सत्ताधीशाला नोकरीसाठी पत्र लिहिले. चित्रे काढणे ही त्याची मोठी कला. पण पत्रात ती त्याने अगदी शेवटी लिहिली. आधी लिहिले, मी हलके पूल बांधू शकतो, लढाईची यंत्रे करू शकतो. कारण त्या सत्ताधीशाला लढाईची चिंता होती. देणाऱ्याची गरज आधी, आपली हौस नंतर. पाचशे वर्षे झाली, तरी हा नियम बदललेला नाही.

तेव्हा जाहिरात दोनदा वाचा. त्यांनी काय मागितले आहे, त्याखाली पेन्सिलीने रेघ मारा. मग या क्रमाने लिहा.

१. नाव, गाव, मोबाईल, ई-मेल. नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसेच लिहावे. इंग्रजीत ‘काळे’ लिहिताना ‘ए’ एक की दोन, ते सगळ्या कागदांवर सारखे असू द्या. ई-मेलचा पत्ता नावाचाच ठेवा. ‘इंदापूरचा वाघ’ मित्रमंडळीत शोभतो, अर्जावर शोभत नाही.

२. कोणती जागा हवी ते, आणि दोन ओळींत आपली ओळख.

३. काय काय येते. टंकलेखन, एक्सेल, मराठी युनिकोड वगैरे.

४. आजवर केलेले काम. सर्वांत अलीकडचे आधी.

५. शिक्षण आणि परीक्षा, सालासह.

सगळे एका पानात बसवा. नवीन माणसाला एक पान पुष्कळ होते. कारखान्याला किंवा पतसंस्थेला अर्ज मराठीत चालत असेल, तर मराठीतच लिहा. खाजगी कंपनी बहुधा इंग्रजीत मागते. तेव्हा आधी मराठीत लिहा आणि मग इंग्रजीत करून घ्या. पण दुसऱ्याकडून करून घेतले, तरी त्यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ आपल्याला सांगता आला पाहिजे. मुलाखतीत त्याच शब्दावर बोट ठेवतात.

“मी तर कधी नोकरीच केली नाही!”

हे वाक्य आम्ही पुष्कळदा ऐकतो. विशेषतः भगिनींच्या तोंडून. शिक्षण मधेच सुटले, लग्न झाले, घर, गुरे, रान यांत दहा वर्षे गेली. मग १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी केली, पुढे बारावी केली, संगणक शिकला. आता अर्ज करायचा, तर ‘अनुभव’ या रकान्यापाशी हात थांबतो.

ताई, जरा आठवून बघा. बचत गटाची वही कोण लिहीत होते? दर महिन्याला कोणी किती भरले, कर्ज कोणाला दिले, व्याज किती झाले, ते पासबुकाशी कोण जुळवत होते? दूध केंद्रावर पहाटे फॅट कोण लिहीत होते? किराणा दुकानाची उधारी कोण सांभाळत होते? हे सगळे नोंदीचेच काम आहे. ते पगाराचे नव्हते, पण काम होते. ते लिहा.

मात्र मोघम लिहू नका. वानगीत दाणे दिसले पाहिजेत, नुसता भुसा नव्हे. दोन्ही तऱ्हा शेजारी ठेवून पाहा.

मोघम : मी मेहनती व प्रामाणिक आहे. मला हिशेबाची आवड आहे.

नेमके : १२ महिलांच्या बचत गटाचे हिशेब ७ वर्षे लिहिले. दरमहा वहीचा व बँकेच्या पासबुकाचा ताळा घेतला.

मोघम : संगणकाचे चांगले ज्ञान आहे.

नेमके : एक्सेलमध्ये यादी लावता येते, गाळणी लावून नको ती नावे बाजूला काढता येतात, बेरजेचा तक्ता करता येतो. दोन याद्या जुळवण्यासाठी व्हीलूकअप वापरता येते.

पहिल्या तऱ्हेचे वाक्य कोणीही लिहील. दुसरे वाक्य ज्याने काम केले तोच लिहील. मालकाला हा फरक लगेच कळतो.

चूक ओळखता येते, हेही लिहा

नुसते ठोकत जाणारे पुष्कळ असतात. बघत जाणारे थोडे. तुम्ही बघत जाणारे असाल, तर ते कागदावर यायला हवे. त्यासाठी काही खुणा पाठ असाव्यात.

मोबाईल नंबर १० आकड्यांचा असतो, आधार १२ आकड्यांचा, पिन कोड ६ आकड्यांचा. बँकेच्या आयएफएससी कोडमध्ये ११ अक्षरे-आकडे असतात, आणि त्यांतले पाचवे नेहमी शून्य असते. तिथे ‘ओ’ टाकला, तर कोड चुकतो आणि पैसे अडकतात.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत असते. १०० आर म्हणजे १ हेक्टर. आपण बोलतो एकर आणि गुंठ्यांत. ४० गुंठे म्हणजे १ एकर, आणि ४० आरही जवळजवळ तेवढेच. पण कोणी ४० हा आकडा हेक्टरच्या रकान्यात टाकला, तर एका एकराचे शंभर एकर होतात! एकरी ६०० टन ऊस लिहून आला, तर तिथेही थांबायला पाहिजे. एकरी १०० टन निघाला, तरी गावात सत्कार होतो. उसाची जात को ८६०३२ असते. ८६०२३ लिहून आले, तर आकडे उलटसुलट झालेले दिसतात. अशा वेळी मनाने दुरुस्ती करायची नाही. मूळ कागद बघायचा आणि नोंद घेणाऱ्याला विचारायचे.

शेतीची ही जाण आपल्या लोकांच्या अंगात असते. पुण्या-मुंबईच्या मुलाला ती शिकावी लागेल. तेव्हा कारखान्याला अर्ज करताना लिहा, “ऊस लागण, खोडवा, गट नंबर व क्षेत्राच्या नोंदी समजतात.” हे आपले भांडवल आहे. ते झाकून ठेवू नका.

खरे तेच लिहा

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद संगणक टंकलेखनाच्या परीक्षा घेते. मराठी मिनिटाला ३० शब्द, इंग्रजी ३० किंवा ४० शब्द, अशा त्या असतात. राज्य शासनाच्या लिपिक-टंकलेखक जागेला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० मागतात. केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या डेटा एन्ट्री परीक्षेत तासाला किमान ८,००० कळा दाबता याव्या लागतात. तुमचा वेग २५ असेल, तर २५ लिहा. ‘सराव चालू आहे’ असेही लिहा. कारण मुलाखतीच्या दिवशीच बहुधा संगणकासमोर बसवतात, आणि दहा मिनिटांत खरे-खोटे बाहेर पडते.

मराठी टाइप करता येत असेल, तर ते युनिकोडमध्ये येते का, ते स्पष्ट लिहा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला की भलतीच अक्षरे दिसतात. युनिकोडचे तसे होत नाही. म्हणून कचेऱ्या ते विचारतात.

मधली वर्षे रिकामी गेली असतील, तर लपवू नका. ‘२०१० ते २०१८ : घर व शेती सांभाळली’ अशी एक सरळ ओळ पुरे. त्यात लाजण्यासारखे काय आहे?

नमुना

खाली एक नमुना दिला आहे. तो कोणा एका व्यक्तीचा नाही. त्यातली आपली माहिती आपण भरायची.

नाव : (प्रमाणपत्राप्रमाणे पूर्ण नाव)
पत्ता : मु. पो. ........, ता. इंदापूर, जि. पुणे ४१३१०६
मोबाईल : ........ ई-मेल : ........
जागा : डेटा एन्ट्री ॲनालिस्ट, ऊस विभाग

ओळख : बचत गट व दूध केंद्राच्या नोंदींचा ७ वर्षांचा अनुभव. मूळ कागदाशी ताळा घेऊनच नोंद पुरी करण्याची सवय.

येणारी कामे : मराठी युनिकोड टंकलेखन मिनिटाला ३० शब्द. इंग्रजी ३० शब्द. एक्सेलमध्ये याद्या, गाळणी, बेरजेचे तक्ते. ऊस लागण व सातबाऱ्यावरील नोंदी समजतात.

केलेले काम :
२०२३ ते २०२५ : गावातील दूध संकलन केंद्र. रोज सकाळी ६० उत्पादकांचे लिटर, फॅट व दर यांची संगणकात नोंद. दहा दिवसांची बिले तयार केली.
२०१८ ते २०२५ : महिला बचत गटाची सचिव. १२ सभासदांचे हिशेब.
२०१० ते २०१८ : घर व शेती सांभाळली.

शिक्षण : मराठी व इंग्रजी संगणक टंकलेखन ३०, २०२४. एमएस-सीआयटी, २०१९. बारावी, २०१०.

वर दिलेली माहिती खरी आहे.
ठिकाण, तारीख, सही

घरातले चावडी वाचन

आता तुमचे काम. बायोडाटा लिहून झाला की लगेच पाठवायचा नाही. एक रात्र जाऊ द्यायची. दुसऱ्या दिवशी घरातल्या एकाने तो मोठ्याने वाचायचा, आणि दुसऱ्याने प्रमाणपत्रे, गुणपत्रिका हातात धरून एकेक नाव, साल आणि आकडा जुळवायचा. आकडे सुटे सुटे वाचा. ‘चार, एक, तीन, एक, शून्य, सहा’ असे.

तुम्ही आत्ता आत्ता वाचायला शिकला असाल, तर हे काम तुम्हीच करा. सराईत माणूस शब्द अर्धा बघून पुढे पळतो. नवा वाचणारा अक्षर अन् अक्षर लावून वाचतो. म्हणून त्याला चूक सापडते. मुलीच्या अर्जातली चूक आईने वाचून काढली, तर त्या शिकण्याचे चीज झाले म्हणायचे.

सावध राहा

अर्ज कुठे करावा? शासनाच्या महास्वयम् संकेतस्थळावर नाव नोंदवता येते. रोजगार मेळाव्यात जाता येते. कारखान्याच्या व कंपनीच्या कचेरीत समक्ष जाऊनही कागद देता येतो.

पण मोबाईलवर ‘घरबसल्या डेटा एन्ट्री, महिना तीस हजार’ असा निरोप आला, तर भुलू नका. आधी नोंदणीचे किंवा अनामतीचे पैसे मागतात. मग म्हणतात, तुमच्या कामात चुका निघाल्या, करार मोडला, दंड भरा नाहीतर कोर्टात खेचू. भल्या घरची माणसे भीतीपोटी पैसे भरत बसतात. भरू नका. १९३० या नंबरावर तक्रार करा, पोलीस ठाण्यात जा. सरकारी परीक्षेची फी वेगळी, ती जाहिरातीतच छापलेली असते. एरवी नोकरी देणारा पगार देतो, पैसे मागत नाही.

एका अर्जाने नोकरी लागेलच असे नाही. दहा अर्ज करावे लागतील. प्रत्येक जाहिरात बघून कागदात थोडा फरक करावा लागेल. पण एकदा खरा आणि नेमका बायोडाटा तयार झाला, की तो पुढेही उपयोगी पडतो. आणि लिहिता लिहिता आपल्यालाच कळते, की आपण आजवर किती काम केले आहे.

अभ्यास

१. तुम्ही आजवर केलेली नोंदीची तीन कामे आठवा. प्रत्येकावर आकडा घालून एक वाक्य लिहा.

२. ‘मी कामसू आहे’ हे वाक्य नेमके करून लिहा.

३. खालच्या प्रत्येक नोंदीत चूक आहे. ती शोधा.
(अ) लागणीची तारीख ३१ जून.
(आ) पिन कोड ४१३१०.
(इ) क्षेत्र ४० हेक्टर, ऊस ४५ टन.
(ई) आयएफएससी कोडचे पाचवे अक्षर ‘ओ’.

४. घरातल्या कोणाचाही एक अर्ज मोठ्याने वाचा आणि प्रमाणपत्राशी जुळवा. किती चुका सापडल्या, ते वर्गात सांगा.